कात्री, साचा आणि छापील चित्र

‘स्टेन्सिल’ हा शब्द महाराष्ट्रातील शिक्षकांना आणि कारकुनांना चित्रकलेपेक्षा सायक्लोस्टाइलच्या यंत्रामुळे अधिक परिचयाचा आहे. सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिका असोत, कचेरीतील परिपत्रके असोत वा संघटनेची निवेदने असोत, टंकलेखन यंत्राची फीत बाजूला सारून मेणकागदावर अक्षरे उमटवायची, एखादे अक्षर चुकले तर त्यावर द्रावणाचा थेंब लावायचा आणि मग तो कागद यंत्राच्या रुळावर चढवून प्रती काढायच्या, हा क्रम झेरॉक्स आणि संगणक सर्वत्र येईपर्यंत चालू होता. त्यालाच ‘स्टेन्सिल कापणे’ म्हणत. त्यामागचे तत्त्व अगदी साधे आहे. जेथे कापले तेथून रंग खाली उतरतो, जेथे आड आहे तेथे कागद कोरा राहतो. दारापुढील रांगोळीचा भोके पाडलेला छापा आणि धान्याच्या पोत्यावर मार्का उठविणारा कोरीव पत्रा ही याच तत्त्वाची अपत्ये होत.

ज्या साधनाकडे आपण केवळ सोय म्हणून पाहिले, त्याच साधनाने विसाव्या शतकातील एक अत्यंत नामांकित सचित्र ग्रंथ घडविला. फ्रेंच चित्रकार आन्री मातिस याचा ‘जॅझ’ हा तो ग्रंथ. १९४७ सालच्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये तो प्रसिद्ध झाला. कात्रीने कापलेल्या रंगीत कागदांची वीस चित्रे आणि त्यांच्या सोबतीला चित्रकाराच्याच हस्ताक्षरातील मजकूर, असे त्याचे स्वरूप आहे. आज जगातील मोठमोठी संग्रहालये त्याची प्रत अभिमानाने जपून ठेवतात. परंतु ग्रंथ हाती आल्यावर खुद्द मातिस मात्र नाराज झाला होता. आपले चित्र छापताना त्यातले काहीतरी मेले, अशी त्याची भावना झाली. चित्राची प्रत निघते तेव्हा मूळचे काय हरवते, नवे काय जन्माला येते आणि त्या प्रतीत कोणाकोणाचा हात असतो, हे प्रश्न या नाराजीतून उभे राहतात.

हे प्रश्न मावळाला परके नाहीत. तळेगाव दाभाडे स्थानकावरून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसावे, तर वडगाव, कान्हे, कामशेत मागे टाकून चौथे स्थानक येते ते मळवलीचे. कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांसाठी आणि लोहगडासाठी प्रवासी येथे उतरतात. परंतु छापील चित्रांच्या भारतीय इतिहासातील एक मोठे प्रकरण याच मळवलीत घडले, याची आठवण त्यांतील फार थोड्यांना असते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईस गिरगावात चित्रांचा शिळाछापखाना काढला. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले, आणि १८९९ च्या सुमारास तो छापखाना घाटमाथ्यावरील मळवलीस हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हवाली केला. १९०६ मध्ये रविवर्मा निवर्तले; छापखाना मात्र त्यांच्या नावाने पुढे अनेक दशके चालला. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते.

रविवर्म्यांचे तैलचित्र कागदावर उतरविणे हे सोपे काम नव्हते. शिळाछापाच्या पद्धतीत दगडावर तेलकट खडूने रेखाटन करतात, दगड पाण्याने ओला करतात आणि मग त्यावरून शाईचा रूळ फिरवितात. ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट भागावर बसते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. म्हणजे सरस्वतीच्या पांढऱ्या साडीतील सावली, वीणेचा तपकिरी, मोराच्या मानेचा निळा हे सारे आधी कोणीतरी डोळ्यांनी वेगवेगळे करावे, निरनिराळ्या दगडांवर ठिपक्या-ठिपक्यांनी रेखाटावे आणि नंतर एकाच कागदावर केसाचाही फरक न होता एकमेकांवर बसवावे, असा हा उद्योग होता. चित्र रविवर्म्यांचे खरे, परंतु ते ‘वाचून’ दगडावर लिहिणारा कारागीर वेगळा. याच प्रतींमुळे लक्ष्मी आणि सरस्वती महाराष्ट्रातील चाळींच्या खोल्यांत, दुकानांच्या गल्ल्यांमागे आणि खेड्यांतील देवघरांत जाऊन पोहोचल्या. ज्या घराने मूळ तैलचित्र कधी पाहिले नाही आणि पाहण्याची शक्यताही नव्हती, त्या घराने छापील चित्राला जरी व टिकल्या लावून नटविले, हार घातला, पूजा केली.

मातिसची गोष्ट याच्या नेमक्या उलट टोकाकडून सुरू होते. १८६९ मध्ये जन्मलेला हा चित्रकार १९४१ च्या प्रारंभी, म्हणजे वयाच्या बहात्तराव्या वर्षात, आतड्याच्या कर्करोगाने मरणाच्या दारी जाऊन आला. ल्यों शहरात त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, परंतु चित्रफलकासमोर तासन् तास उभे राहण्याची ताकद गेली. उरलेले आयुष्य बरेचसे खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीत काढावे लागले. त्याच अवस्थेत त्याने कात्री हाती घेतली. रंगीत कागदाचे तुकडे त्याने यापूर्वीही वापरले होते. अमेरिकेतील बार्न्स यांच्या संस्थेसाठी १९३० नंतरच्या काळात मोठे भित्तिचित्र करताना आकृत्या सरकवून पाहण्यासाठी तो असे तुकडे टाचून ठेवी. पण तेव्हा ते केवळ कच्च्या आराखड्याचे साधन होते. १९४३ पासून तेच साध्य बनले. साहाय्यक कोऱ्या कागदावर अपारदर्शक जलरंगाचे सपाट हात देत. तो वाळलेला कागद एका हाती धरून मातिस दुसऱ्या हाताने सरळ कात्री चालवी. पेन्सिलीने आखून घेणे नाही, खोडणे नाही.

या पद्धतीत रेषा आणि रंग यांचे जुने भांडण मिटते. एरवी चित्रकार आधी रेखाटतो आणि मग रंग भरतो. येथे कात्रीचा एकच कट रेषाही होतो आणि रंगाची सीमाही. रंगात असे थेट कापणे शिल्पकाराच्या थेट दगडात कोरण्यासारखे आहे, असे मातिसला वाटे. मावळातील वाचकाला हे साम्य निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. भाजे आणि कार्ले येथील कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी कातळात चैत्यगृहे कोरली तेव्हा त्यांच्या हातीही दुरुस्तीचे द्रावण नव्हते. छिन्नीने उडविलेला कपचा परत चिकटविता येत नाही. म्हणून असे काम करणाऱ्याला हात उचलण्यापूर्वीच संपूर्ण आकृती मनात दिसावी लागते. मातिसच्या कात्रीच्या सहजतेमागे पन्नास वर्षांचे रेखाटन उभे होते. ही चित्रे पाहून ‘हे तर लहान मूलही करील’ असे म्हणणाऱ्याने एवढी गोष्ट विसरू नये.

चित्रांचे विषय बरेचसे सर्कशीतले आहेत. विदूषक, तलवार गिळणारा, सुरे फेकणारा, झुल्यावरचे कसरतपटू, चेंडूवर तोल सावरणारा पांढरा हत्ती अशी ती मंडळी आहेत. ग्रंथाला आरंभी ‘सर्कस’ हेच नाव योजले होते. जॅझ संगीतात ठेका पक्का असतो आणि त्या ठेक्यावर वादक आयत्या वेळी नव्या जागा घेतो. कात्रीचे कामही तसेच, म्हणून पुढे ‘जॅझ’ हे नाव मुक्रर झाले. आपल्याकडील तबल्याचा ठेका आणि गवयाचा आलाप ज्यांच्या कानात आहे त्यांना ही उपमा चटकन उमजेल. परंतु या रंगांच्या उत्सवात काळोखही आहे. चित्रे घडत होती तो काळ जर्मन आक्रमणाचा होता. १९४४ मध्ये मातिसची विभक्त झालेली पत्नी आणि मुलगी मार्गरीत या दोघींना भूमिगत प्रतिकार चळवळीतील कामाबद्दल गेस्टापोने पकडले, आणि मुलीचा छळ केला. ‘इकारस’ या चित्रात निळ्या आकाशात पिवळ्या चांदण्या फुटल्या आहेत, त्यांतून एक काळी मानवाकृती तरंगते आहे की कोसळते आहे हे कळत नाही, आणि तिच्या छातीवर लाल ठिपका आहे. तो लाल ठिपका हृदयाचा की गोळीच्या जखमेचा, हे प्रत्येक पाहणाऱ्याने आपल्याशी ठरवावे.

आता प्रश्न होता तो या कापलेल्या कागदांचे पुस्तक करण्याचा. प्रकाशक तेरियाद याने त्यासाठी ‘पोश्वार’ ही फ्रान्समधील जुनी पद्धत निवडली. पोश्वार म्हणजेच स्टेन्सिल. एदमाँ व्हेरेल या कारागिराच्या देखरेखीखाली मातिसच्या प्रत्येक आकाराबरहुकूम साचे कापण्यात आले आणि त्यांतून कुंचल्याने एकेक रंग कागदावर उतरविण्यात आला. मातिसने आपले कागद रंगविण्यासाठी लिनेल कंपनीचे जे जलरंग वापरले, तेच रंग येथेही वापरले गेले. छपाईच्या शाईने चित्रातील रंगांची नक्कल करण्याऐवजी तो रंगच पानावर लावावा, हा त्यामागील हेतू होता. ग्रंथाच्या विक्रीसाठी अडीचशे आणि भेटीदाखल वीस अशा दोनशे सत्तर प्रती निघाल्या. शिवाय मजकुरावाचून नुसत्या चित्रांचे शंभर संच काढण्यात आले. वीस चित्रांचा हिशेब धरला तर सात हजार चारशे चित्रे होतात, आणि प्रत्येक चित्रात अनेक रंग, प्रत्येक रंगाला साचा, प्रत्येक साच्याला कुंचल्याचा हात! यंत्रयुगाच्या मध्यावर झालेला हा केवढा हस्तोद्योग होता, याची कल्पना या आकड्यांवरून यावी.

मजकुराचीही अशीच काळजी घेण्यात आली. इतक्या प्रखर रंगांशेजारी खिळ्यांनी जुळविलेली बारीक अक्षरे टिकणार नाहीत, असे मातिसला वाटले. त्याने जाड कुंचल्याने मोठ्या, वळणदार अक्षरांत आपली टिपणे लिहिली आणि तीच पाने छापली. या पानांचे काम मुख्यतः डोळ्यांना विसावा देण्याचे आहे, हे त्याने स्वतःच सांगून टाकले. फुलांच्या गुच्छात मानाच्या फुलांना साथ देणाऱ्या ॲस्टरची उपमा त्याने त्यांना दिली. हारवाल्याकडे ॲस्टरची हीच भूमिका रोज पाहणाऱ्या पुणेकर वाचकाला ती दाद देण्याजोगी वाटेल.

एवढे सगळे करूनही १९४७ च्या डिसेंबरात आंद्रे रूव्हेर या मित्राला लिहिताना मातिसने या छापील चित्रांना अपयशच म्हटले. कापलेल्या कागदाला कडा असते, तुकड्यावर तुकडा चढला की बारीकशी सावली पडते, हाताने दिलेल्या रंगात कुंचल्याचे फराटे दिसतात, टाचणीची भोके राहतात. साच्यातून रंग उतरला की हे सारे एका पातळीवर येते. आकार तोच, रंग तोच, तरी श्वास नाहीसा. तुकडे जुळवून करावयाच्या कोड्याच्या खेळासारखे ते त्याला दिसू लागले. बाह्य साधने शंभर टक्के तीच वापरूनही प्रत ही प्रतच राहते, याचा हा धडा होता.

मातिसची तक्रार खरी होती, पण ती पुरती खरी नव्हती. ज्याने मूळ कागद हातात धरले होते त्याला प्रतीतील उणीव दिसणारच. मळवलीहून निघालेल्या रंगीत छापांना नाके मुरडणारे कलारसिक हीच उणीव मोजत आले आहेत. पण छापील चित्राला केवळ मूळ चित्राच्या फूटपट्टीने मोजणे म्हणजे नाटकाच्या प्रयोगाला संहितेच्या पानांनी मोजण्यासारखे आहे. साच्याने कडेची सावली हिरावली, हे खरे. परंतु त्याच साच्याने रंगाला असा निर्भेळ सपाटपणा आणि आकाराला असा ठसठशीतपणा दिला की, ‘जॅझ’च्या पानाची खूण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जाहिरातफलकांवर आणि बालपुस्तकांवर उमटलेली दिसते. दगडाने रविवर्म्यांच्या तैलरंगांतील खोली हिरावली, परंतु देवतेला घरोघरची ओळख दिली. आपल्याकडे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे मराठी वाचकाने मुखपृष्ठांवर आणि दिवाळी अंकांतच पाहिली. मूळ चित्रे पाहणारे विरळाच. त्या पानांवर ज्यांचे प्रेम बसले, त्यांचे प्रेम दुय्यम होते असे कोण म्हणेल?

आणखी असे की, अपयश म्हणून ज्याची खंत केली त्यातूनच मातिसला पुढची वाट सापडली. छापल्यावर कागदाचे जे नाहीसे होते तेच आपल्याला हवे आहे, हे त्याला ‘जॅझ’ने शिकविले. यानंतर त्याने कापलेल्या कागदांना छपाईचा कच्चा माल समजण्याचे सोडून दिले आणि भिंतभर मोठी स्वतंत्र चित्रे त्याच पद्धतीने केली. व्हाँस येथील प्रार्थनामंदिराच्या रंगीत काचांचे आराखडे त्याने कात्रीनेच तयार केले. ते मंदिर १९५१ मध्ये पुरे झाले. १९५४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती कात्री थांबली नाही. शरीर खचले असता साधन बदलून कला चालू ठेवण्याचे असेच उदाहरण भारतातही घडले. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ मध्ये पूर्णपणे गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून, बोटांच्या स्पर्शाने आकार ओळखून चित्रे घडविली.

चित्रकारांची नावे अशी इतिहासात राहतात. प्रत काढणाऱ्यांचे काय? ‘जॅझ’च्या निमित्ताने व्हेरेलचे नाव तरी उरले; त्याच्या हाताखाली हजारो वेळा कुंचला फिरविणारे बहुतांशी अनामिकच राहिले. मळवलीची स्थिती याहून दुःखद आहे. दगडांवर ठिपके भरणारे, रंग जुळविणारे, कागद उचलून ठेवणारे हात कोणाचे होते? त्यांत आसपासच्या गावांतील किती होते? ते कसब कोणी कोणाला शिकविले? १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि बराच मोठा ठेवा भस्मसात झाला. जळालेला कागद परत येत नाही; परंतु त्यासोबत माणसांच्या कसबाची स्मृतीही जाऊ द्यावी काय? त्याच परिसरात, कार्ल्याच्या चैत्यगृहात, धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने आपण केलेल्या कामाची नोंद कातळावर कोरून ठेवली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि शंभर वर्षांपूर्वीच्या छापखान्यातील कामगारांचे नाही, ही गोष्ट आपल्या लिहित्या-वाचत्या युगाला भूषणावह नाही.

तळेगावच्या शिक्षणपरंपरेला तर ती अधिकच खटकावी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयाने राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग याच गावात केला. १९१० मध्ये सरकारने त्यावर गदा आणली. १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना याच गावात उभा राहिला, आणि तेथे शिकलेल्यांनी ते कसब अन्यत्र नेले. बुद्धीबरोबर हातही शिकला पाहिजे, हा त्या पिढीचा आग्रह होता. आजच्या शाळेत मात्र अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसतात, श्रेणी मिळवितात. पण त्यांतील किती जणांना आपल्या तालुक्यातील मळवलीची गोष्ट कोणी सांगितली असेल?

यावर उपाय खर्चाचा नाही. अनेक मराठी शाळांनी ‘हस्तलिखिता’ची प्रथा जोपासली. मुलांचे लेखन सुवाच्य अक्षरात लिहून, त्यावर चित्रे काढून एक सुंदर प्रत सिद्ध करायची, स्नेहसंमेलनात तिचे प्रकाशन करायचे आणि मग ती ग्रंथालयाच्या कपाटात कायमची बंद व्हायची, असा तिचा जीवनक्रम असे. ‘जॅझ’ हेही एका परीने हस्तलिखितच आहे. फरक एवढाच की साच्यामुळे त्याच्या शेकडो प्रती निघाल्या. घोटीव कागद, कात्री, जाड पुठ्ठा किंवा जुनी एक्स-रेची फिल्म आणि पोस्टर रंगांच्या चार बाटल्या, एवढ्या सामग्रीवर कोणत्याही शाळेला आपल्या हस्तलिखितातील चित्राच्या तीस-चाळीस प्रती काढता येतील आणि वर्गातील प्रत्येक मुलाला एक घरी नेता येईल. कापताना त्यांना कळेल की चुकलेला कट परत जुळत नाही. रंग देताना कळेल की पहिली आणि चाळिसावी प्रत सारखी निघणे किती कठीण असते. आणि मूळ कागदाशेजारी प्रत ठेवली की मातिसची नाराजी काय होती तेही पुस्तकावाचून कळेल.

अशा हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर चित्र काढणाऱ्याच्या नावाबरोबर साचा कापणाऱ्यांची आणि रंग देणाऱ्यांचीही नावे असावीत. मळवलीत जे राहून गेले, ते तळेगावच्या एखाद्या वर्गात तरी राहून जाऊ नये.